ऑलिव्हची फळमाशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत ऑलिव्हची बाग शोधूनही सापडणार नाही, पण ऑलिव्ह तेलाची बाटली आता गिरगावातल्या वाण्याच्या फळीवरही दिसते. त्यामुळे आंब्यातल्या अळीचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी हमखास विचारतं, "मग ऑलिव्हला नाही का लागत कीड?" लागते. आणि तिची कुळकथा आंब्याच्या माशीपेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे. त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

केळ्यांवर घोंघावते तीच का ही माशी?

ती नव्हे. पिकलेल्या केळ्यांभोवती आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याभोवती फिरतात ती चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला. त्यांना आंबायला लागलेलं फळ लागतं. ऑलिव्हची माशी टेफ्रिटिडी कुळातली. या कुळातल्या मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार अंडनलिका असते. ती झाडावरच्या धडधाकट फळात खुपसून मादी आत अंडं घालते. आपले बागायतदार याला 'डंख' म्हणतात. चिलटं नासक्या फळावर येतात, ही चांगलं फळ नासवते, म्हणून शेतकरी चिलटांना घाबरत नाही आणि हिच्यापायी रात्र जागवतो.

शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा ओली. १७९० साली तिची शास्त्रीय नोंद झाली. जुन्या पुस्तकांत ती डॅकस ओली या नावाने भेटेल. लांबी जेमतेम चार-पाच मिलिमीटर, पंख पारदर्शक आणि पंखाच्या टोकाशी एक काळपट ठिपका. त्या ठिपक्यावरून ती चटकन ओळखता येते.

ती खरंच फक्त ऑलिव्हच खाते?

अळी खाते ती फक्त ऑलिव्हच. लागवडीचं ऑलिव्ह आणि त्याचे रानटी भाऊबंद सोडून तिला दुसरं काही चालत नाही. प्रौढ माशी मात्र मधुरस, पानांवरचा चिकटा, पक्ष्यांची शीट असं मिळेल ते चाटते.

एवढं कडक पथ्य पाळायचं कारण ऑलिव्हच्या कडवटपणात आहे. ताजं हिरवं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही. खारवल्याशिवाय आपणही ते खाऊ शकत नाही. त्या कडवट द्रव्याचं नाव ओल्युरोपिन. ते फळातली प्रथिनं अशी बांधून टाकतं की खाणाऱ्याच्या अंगी लागत नाहीत. बहुतेक किडे इथेच हात टेकतात. ऑलिव्हच्या माशीने यावर एक जिवाणू पाळला आहे, एर्विनिया डॅसिकोला. पेत्री या इटालियन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये माशीच्या अन्ननलिकेलगतच्या एका फुगीर पिशवीत जिवाणू पाहिले होते. त्यांना हे नाव मिळायला २००५ उजाडलं. अंडं बाहेर पडताना आई त्यावर हे जिवाणू माखते आणि अळी जन्मतःच ते घेऊन बसते. जिवाणू काढून टाकलेल्या अळ्या हिरव्या ऑलिव्हात वाढत नाहीत, पिकून काळ्या झालेल्या फळात मात्र वाढतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे हिरव्या फळात शिरण्याचा परवाना माशीचा स्वतःचा नाही, तो जिवाणूचा आहे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. मादी फळावर फिरून जागा हेरते, डंख मारते, सहसा एकच अंडं घालते, आणि लगेच निघून जात नाही. जखमेतून पाझरलेला रस ती तोंडाने फळाच्या सालीवर फासत सुटते. पुढून येणाऱ्या दुसऱ्या मादीला त्या रसाने कळतं की हे फळ गेलेलं आहे, आणि ती पुढचं फळ बघते. एवढ्याशा फळात दोन अळ्यांचं पोट भरणं अवघडच.

हिचं मूळ गाव कुठलं? आफ्रिका की आशिया?

यावर बराच खल झाला आहे आणि दोन्ही बाजूंना आधार आहे.

बॅक्ट्रोसेरा ही भली मोठी प्रजाती आहे. तिच्यात चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दक्षिण व आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंतच्या. म्हणजे घराणं पूर्वेचं. पण या माशीची अगदी जवळची भावंडं, बॅक्ट्रोसेरा बिगुटुला आणि बॅक्ट्रोसेरा मुनरोई, आफ्रिकेत आहेत. बिगुटुला तर तिथल्या रानटी ऑलिव्हवरच जगते. शिवाय ऑलिव्हच्या माशीच्या अळ्यांवर अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या सगळ्यात जास्त प्रकारच्या सापडतात त्या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत. जिथे किडीचे शत्रू जास्त, तिथे ती जास्त काळ नांदली, असा कीटकशास्त्रातला एक ढोबळ ठोकताळा आहे. भूमध्य सागराकाठी असे खास शत्रू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

माझं मत आफ्रिकेकडे झुकतं. पूर्वजांनी आशियातून केव्हातरी स्थलांतर केलं असेल, पण ऑलिव्हशी लग्न लागलं ते आफ्रिकेत, असं मानायला जागा आहे.

आणि युरोपात माणसानेच नेली ना? ऑलिव्हच्या रोपांबरोबर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. ते उत्तर वरवर पटण्यासारखंही आहे. ऑलिव्हची लागवड सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी लेव्हंटमध्ये, म्हणजे आजच्या इस्रायल, पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरियाच्या पट्ट्यात सुरू झाली. पुढे फिनिशियन, ग्रीक आणि रोमन लोकांनी ती पश्चिमेला स्पेनपर्यंत नेली. फळं गेली, कलमं गेली, त्यांच्यामागून माशी गेली. २००५ च्या एका जनुकीय अभ्यासात असंही दिसलं की पूर्वेकडून पश्चिमेकडे जावं तसं माशीतलं वैविध्य कमी होत जातं. नव्या मुलखात थोड्याच माश्या पोचल्या की असंच होतं. म्हणजे कथा जुळली.

पण २०१० मध्ये इटलीतल्या सिएना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने एक अभ्यास आला आणि ती कथा डळमळली. त्यांनी जगभरातून २१ माश्या घेतल्या आणि त्यांचा संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला. हा डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे त्याची वंशावळ लावणं तुलनेने सोपं. त्यातून माश्यांच्या तीन जुन्या शाखा दिसल्या : भूमध्य सागराकाठची, आफ्रिकेतली आणि आशियातली. नेमक्या तशाच तीन शाखा ऑलिव्हच्या झाडाच्याही आहेत. भूमध्य सागराकाठी युरोपिआ ही मूळ उपजाती, आणि कस्पिडाटा या रानटी उपजातीचे आफ्रिकी आणि आशियाई असे दोन वंश. माशीच्या शाखा फुटल्या त्या झाडाच्या शाखा फुटल्या त्या काळात, म्हणजे हिमयुगांच्या काळात. शेतीचा तेव्हा मागमूस नव्हता.

पुढचा निष्कर्ष आणखी रोचक आहे. भूमध्य सागराकाठच्या माश्या आपापसांत कशा वेगळ्या आहेत हे पाहिलं, तर तो नकाशा लेव्हंटमधून पश्चिमेकडे गेलेल्या शेतीशी जुळत नाही. तो जुळतो शेवटचं हिमयुग सरल्यावर रानटी ऑलिव्ह पुन्हा उत्तरेकडे पसरली त्या वाटांशी. याचा अर्थ असा की शेतकरी पहिलं कलम घेऊन इटलीत किंवा स्पेनमध्ये पोचला तेव्हा माशी तिथल्या रानात आधीपासून बसलेली होती. रानटी झाडं तोडून किंवा त्यांच्यावर कलमं बांधून बागा झाल्या, तशी ठिकठिकाणची स्थानिक माशी आपापल्या बागेत उतरली. ही चाल एका जागेहून सुटलेली नव्हती, ती अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे घडली.

डीएनएवरून वर्षं काढताना बदलांचा वेग गृहीत धरावा लागतो, त्यामुळे नेमके आकडे थोडे सैल समजावेत. पण आधी काय आणि नंतर काय हा क्रम पक्का वाटतो, आणि कथेसाठी तोच महत्त्वाचा आहे. ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टस याने तेवीसेक शतकांपूर्वी ऑलिव्हमधल्या अळीबद्दल लिहिलं आहे. त्याच्या काळी ही कीड जुनीपुराणी होती.

म्हणजे माणसाचा यात काहीच हात नाही?

आहे की. माणसाने माशीला नेलं नसेल, पण तिला पोसलं मात्र भरपूर.

रानटी ऑलिव्ह वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, त्यात गर नावापुरता. गांधीलमाशी सालीवर उभी राहून आपली अंडनलिका आत घालते आणि अळीला गाठते. माणसाने हजारो वर्षं निवड करून गरदार, टपोरं ऑलिव्ह घडवलं. आता अळी गराच्या खोल भागात असते आणि गांधीलमाशीची नळी तिथवर पोचतच नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे तपासून दाखवलं : फळ मोठं, तर माशीला अन्न जास्त आणि शत्रू कमी. शेतकऱ्याने मेहनतीने वाढवलेला गर माशीची तटबंदी होऊन बसला.

अमेरिकेत कशी पोचली?

ही गोष्ट मात्र निखळ माणसाची करणी आहे. कॅलिफोर्नियात ऑलिव्ह आलं ते अठराव्या शतकात, स्पॅनिश पाद्र्यांच्या मिशनांबरोबर. माशी आली नाही. दोनशे वर्षं तिथले बागायतदार सुखात होते. १९९८ च्या शरदात लॉस अँजेलिसमध्ये एका सापळ्यात पहिली माशी मिळाली. २००२ पर्यंत ती राज्यातल्या जवळपास सगळ्या ऑलिव्ह पट्ट्यात दिसू लागली, शेजारच्या मेक्सिकोतही गेली. तिथे रस्त्यांच्या कडेला आणि बंगल्यांच्या आवारात शोभेसाठी लावलेली ऑलिव्हची झाडं शेकड्यांनी. त्यांची फळं कुणी तोडत नाही, मग माशीची चंगळच झाली. जनुकांवरून पाहता तिचे पूर्वज भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्याकडचे.

२०१९ मध्ये ती हवाई बेटांवर सापडली. ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्ह बागा मात्र अजून तिच्यापासून मोकळ्या आहेत.

मूळ गाव शोधून शेतकऱ्याला काय मिळतं?

गांधीलमाश्या मिळतात! किडीचे जुने शत्रू तिच्या मूळ घरी राहतात, त्यामुळे शोधाशोध कुठे करायची ते कळतं. ट्युनिशियात सापडलेली सायटालिया कॉन्कोलर ही गांधीलमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात सोडून पाहिली गेली. यश मिळालं, पण तुकड्यातुकड्यांत. कॅलिफोर्नियासाठी केनिया आणि दक्षिण आफ्रिकेतून सायटालिया लाउन्सबरी आणली. ती समुद्रकिनाऱ्याच्या थंडाव्यात रुळली. पाकिस्तानातल्या रानटी ऑलिव्हवरून सायटालिया पोनेरोफागाही तपासली गेली. पण वर म्हटलं तसं टपोऱ्या फळात त्यांचा हात तोकडा पडतो.

पाकिस्तानात आहे म्हणजे भारतातही असेल?

हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात रानटी ऑलिव्ह आहे. हिमाचलात आणि काश्मीरकडे त्याला 'कहू' म्हणतात. आशियातली माशी याच झाडाची आणि भारताच्या वायव्य भागातही तिची नोंद आहे. ती इथली जुनी रहिवासी, युरोपातून आलेली नव्हे.

राजस्थानात २००७-०८ पासून इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड सुरू झाली आणि बिकानेरजवळ लूणकरणसरला तेलाचा कारखानाही आला. तिथल्या उन्हाळ्याचा ताप या माशीला झेपणारा नाही. पारा ३८ अंशांपलीकडे गेला की प्रौढ माश्या आणि फळातल्या अळ्या दोघांचेही हाल होतात.

मुंबईत येईल का?

येऊन खाणार काय? तिला ऑलिव्हच लागतं. दादरच्या फुलबाजारातला मोगरा, जाई, जुई आणि अंगणातला पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच कुळातली मंडळी आहेत, हे ऐकून बरेच जण चमकतात. पण त्यांच्यावर ती जगत नाही. माथेरान-महाबळेश्वरच्या जंगलातला पारजांब तर याहून जवळचा. तो बराच काळ ओलिया, म्हणजे ऑलिव्हच्याच प्रजातीतला, म्हणून ओळखला जायचा. या माशीच्या ज्ञात यजमान झाडांत तोही नाही.

आपल्या आंब्याची माशी हिची कोण लागते?

चुलत बहीण. प्रजाती एकच, पण स्वभाव अगदी उलट. आंब्यावरची मुख्य माशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिच्या जोडीला झोनाटा आणि करेक्टा आंब्या-पेरूवर असतात. डॉर्सालिसला तीनशेहून अधिक प्रकारची फळं चालतात. कारली, दोडकी, काकडी नासवणारी माशी पूर्वी याच प्रजातीत धरत. आता तिला झ्युगोडॅकस या वेगळ्या प्रजातीत टाकलं आहे.

'मिरगाचा पाऊस पडला की आंबा खाऊ नये' हे कोकणातल्या आज्यांचं म्हणणं याच माशीच्या अनुभवातून आलेलं असावं. जमिनीतल्या कोषांना ओलावा मिळतो, माश्या भराभर बाहेर पडतात आणि झाडावर उरलेल्या पिकत्या फळांवर तुटून पडतात. फोड कापल्यावर आत पांढरट, डोक्याकडे निमुळती अळी दिसते. ती ताटात पडली तर जरा थांबून बघा : अंगाची कमान करते, तोंड आणि शेपूट जुळवते आणि टुणकन वीतभर उडते. पूर्ण वाढलेल्या अळीची फळ सोडून मातीत शिरायची ही रीत. ऑलिव्हची अळी उन्हाळ्यात बहुधा फळातच कोष करते आणि शरदात खाली मातीत उतरते.

प्रवासाच्या बाबतीतही बहिणींत फरक आहे. खाण्यात चोखंदळ नसल्यामुळे डॉर्सालिस कुठेही उतरली तरी उपाशी राहत नाही. २००३ मध्ये केनियात एक अनोळखी माशी सापडली. ती श्रीलंकेतल्या माशीशी जुळत होती. २००५ मध्ये तिला 'इन्व्हेडन्स' असं नवं नाव दिलं गेलं. ती काही वर्षांत सहाराच्या दक्षिणेला पसरली आणि दशकभराने लक्षात आलं की ही आपली डॉर्सालिसच आहे. फळांच्या व्यापारातून पसरलेली माशी पाहायची असेल तर ती ही. ऑलिव्हच्या माशीला उगाच त्याच साच्यात बसवतात.

२०१४ चा हापूसचा किस्सा मुंबईकरांना आठवत असेल. भारतातून गेलेल्या मालात फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा आणि चार भाज्यांवर बंदी घातली. ऐन मोसमात वाशीच्या बाजारात निर्यातीचा माल येऊन पडला. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. युरोपला घरची ऑलिव्हची माशी पुरेशी छळते, तिथे ही खादाड चुलत बहीण नको, हे त्यांच्या बाजूने पाहिलं तर समजू शकतं. बंदीची वेळ मात्र आपल्या बागायतदारांना फार महागात गेली.

आंब्याचा सापळा ऑलिव्हच्या माशीला चालेल?

चालणार नाही. आंब्याच्या बागेत टांगतात त्या सापळ्यात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यातसुद्धा, मिथाइल युजेनॉल असतं आणि त्याला डॉर्सालिसचे नर भुलतात. हा शोधही भारतातलाच. बिहारमध्ये पुसा इथे हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला तेलाकडे माश्या ओढल्या जातात हे १९१२ मध्ये नोंदवलं आणि १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉलपर्यंत तो पोचला.

ऑलिव्हच्या माशीचे नर मिथाइल युजेनॉलला भीक घालत नाहीत. तिच्यात कामगंध सोडण्याचं मुख्य काम मादी करते. फळमाश्यांत हे दुर्मीळ, एरवी गंध सोडून बोलावणारा नर असतो. त्या गंधातलं मुख्य रसायन १९८० मध्ये ओळखलं गेलं. बागांत ते वापरतात आणि जोडीला अमोनिया सोडणारी किंवा प्रथिनांची आमिषं लावतात.

फवारणी करून संपवता येत नाही?

युरोपने कित्येक दशकं तेच केलं. डायमेथोएटसारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं इतकी मारली की माशीत ती पचवणारे जनुकीय बदल रुजले. २०१९ मध्ये युरोपीय संघाने डायमेथोएटची परवानगीच वाढवली नाही. आता आमिषात स्पिनोसॅड हे कीटकनाशक थोडं मिसळून झाडाच्या काही भागावरच फवारतात, फळांवर केओलिनची पांढरी माती चढवतात, किंवा तोडणी लवकर उरकतात. लवकर तोडलं की तेल कमी निघतं, पण फळ वाचतं.

मग बाटलीतल्या तेलात अळ्यांचा अर्क असतो का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा चेहरा बघण्यासारखा असतो. किडकं फळ घाण्यात गेलं तर तेलाची आम्लता वाढते आणि वासही बिघडतो. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणायला मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत हवी, त्यामुळे जास्त किडलेला माल त्या दर्जात बसणं कठीण. बरणीतल्या अख्ख्या ऑलिव्हला तर डंखाचा डागही चालत नाही, ते निवडूनच भरतात. आरोग्याला धोका म्हणाल तर नाही.

परदेशातून येताना ताजी ऑलिव्ह आणली तर?

आणू नका. परवाना आणि रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली मनाई आहे, आणि विमानतळावर ती काढून घेतली जाऊ शकतात. शिवाय ताजी ऑलिव्ह इतकी कडू की घरी महिनाभर मिठाच्या पाण्यात मुरवावी लागतील. खारवलेली, बंद बरणीतली खुशाल आणा.